खिडकी क्रमांक दोन

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ॲपलटनच्या नगरपालिकेत
माझ्या खिडकीसमोर रांग लागते :
परेडमधला ट्रॅक्टर, चर्चचं लिंबू-सरबत,
शाळेचा बँड, कणसं भाजणारा एकजण.
अर्ज. फी. शिक्का. पुढचे या.
एकोणीस वर्षं हेच.

यंदा अर्ज चार पानी झाला.
सोबत येणाऱ्यांची नावं, फोन, गाडीचा नंबर,
आणि शेवटी बारीक टाइपात
ही माहिती कुणाकुणाला दिली जाऊ शकेल याची यादी,
जी 'इत्यादी'वर संपते.
त्या इत्यादीकडे मी फारसं बघत नाही.
चष्म्याचा नंबर वाढलाय, असं घरी सांगते.

सव्वीस तारखेला लोरेन व्हॅन्डहे आल्या.
वय एक्याऐंशी, काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू.
विनंती : चार जुलै, सकाळी दहा,
कॉलेज अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उभं राहून
ह्या देशाचा पहिला कागद मोठ्याने वाचणे.
लाउडस्पीकर : नाही. सोबत : कुणी नाही.
घोषणा, या रकान्यात लिहिलं होतं :
'तुमचीच.'

याच बाईंनी मला शिकवले होते
लायब्ररीच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी,
नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न.
पहिली दुरुस्ती काय काय देते?
मी बोटांवर मोजायचे : बोलणं, छापणं, जमणं,
आपापला देव मानणं,
आणि पाचवं हमखास विसरायचे.
त्या माझी करंगळी धरून हलवायच्या.
"गाऱ्हाणं, हेम-लॅटा. सरकारच्या दारात गाऱ्हाणं.
तेच राहून जातं सगळ्यांचं."

वरून उत्तर आलं पावणेतीन मिनिटांत.
नामंजूर. उत्सवाच्या स्वरूपाशी विसंगत.
इच्छुकांसाठी जागा जलशुद्धीकरण केंद्रामागे,
जाळीच्या आत, दहा ते साडेदहा.
तिथून परेड दिसत नाही.
परेडमधून ती जागा दिसत नाही.

मला वाटायचं, असा दिवस आलाच
तर काहीतरी होईल, निदान हात थरथरेल.
शाई कमी पडली
म्हणून मी शिक्का दुसऱ्यांदा दाबला.
"आता नीट उमटलंय," त्या म्हणाल्या,
आणि पावती मागितली.

तीन तारखेच्या रात्री इथे लोक
फुटपाथवर घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरतात.
रात्रभर रिकाम्या खुर्च्या, एकही चोरीला जात नाही.
नवरा दरवर्षी फोटो काढून सांगलीला बहिणीला पाठवायचा :
बघ, याला म्हणतात देश.
यंदा खांबावरच्या नव्या कॅमेऱ्यांनी
प्रत्येक खुर्चीचा फोटो काढला.
त्याने नाही काढला.

सकाळी बँड, ट्रॅक्टर, गोळ्या उधळणारी पोरं.
कोपऱ्यावर लोरेनबाई, खुर्चीत,
हाताची घडी, तोंडावर बोट,
कोरेगावच्या शाळेत आम्ही बसायचो तशा.
घाम आला की मांडीवरचा तो कागद उचलून
वारा घ्यायच्या. मग परत बोट.
पोलीस पोरगा
(त्यांच्याच वर्गातला असणार, निम्मं गाव आहे)
वाकून म्हणाला, मॅडम, काय चाललंय हे?
बोट न काढता त्यांनी सूर्याकडे पाहिलं.
उकडतंय.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं असेल?
वारा घेतला?

शेजारची खुर्ची रिकामी होती.
नवरा म्हणाला, हेमा, इकडे सावली आहे.
पर्समध्ये माझा पासपोर्ट,
हल्ली दूध आणायला जातानाही असतो.
मी सावलीतच उभी राहिले.

मग आमचंच ऑफिस गेलं समोरून,
झेंडे लावलेल्या ट्रकवर.
साहेबांनी मला ओळखून हात हलवला.
माझाही वर गेला, सवयीने.
चार बोटं हलली.
करंगळी कुणीतरी धरून ठेवली होती.